जेट स्की घरी दुरुस्त करायची खास हत्यारं

जेट स्कीची खास हत्यारं म्हणजे बाईक किंवा कारच्या टूलबॉक्समध्ये सहसा न सापडणारी, एखाद्याच जोडासाठी नाहीतर एखाद्याच तपासणीसाठी बनवलेली हत्यारं. इम्पेलर टूल, कपलिंग होल्डर, मॅग्नेटो पुलर, अलाइनमेंट बार, प्रेशर टेस्टर, फ्लशिंग अ‍ॅडॉप्टर, ऑइल ओढायचा पंप आणि हल्लीच्या मशीन्ससाठी डायग्नोस्टिक केबल ही त्यातली मुख्य.

‘जेट स्की’ हे खरं तर कावासाकीचं ब्रँडनेम. उभं राहून चालवायची पहिली जेट स्की त्यांनी १९७३ साली आणली. पण कुठल्याही वनस्पती तुपाला आपण डालडा म्हणत आलो तसंच इथे झालं, आणि आता यामाहाची वेव्हरनर असो की बीआरपीची (पूर्वीच्या बॉम्बार्डियरची) सी-डू, किनाऱ्यावर सगळ्यांना जेट स्कीच म्हणतात. कागदोपत्री नाव पर्सनल वॉटरक्राफ्ट. घरी दुरुस्ती करायची पद्धत मुख्यतः अमेरिका आणि कॅनडातली, कारण तिकडे तळ्याकाठी राहणारी माणसं मशीन स्वतःच्या ट्रेलरवर ठेवतात आणि घरच्या गॅरेजमध्ये खोलतात. तिकडे स्थायिक झालेले आणि उन्हाळ्यात तळ्यावर जाणारे मराठी लोक सेकंडहँड मशीन घेतात तेव्हा त्यांच्यासमोरही हाच प्रश्न येतो. आपल्याकडे मालवण, तारकर्ली, अलिबाग, काशीद, कळंगुट, बागा इथल्या जेट स्की धंद्याच्या असतात, तरी हत्यारं तीच लागतात.

खास हत्यारं लागतात त्याचं कारण मशीनच्या रचनेत आहे. इंजिन हलच्या (म्हणजे बोटीच्या मुख्य सांगाड्याच्या) पोटात बसवलेलं असतं, सीट काढली की वरून फक्त दोन हात जातील एवढी जागा मिळते. तिथून शाफ्ट मागे जातो, हलच्या भोकातून बाहेर पडतो आणि त्याच्या टोकाला इम्पेलर असतो, तो खालून पाणी ओढतो आणि मागच्या नोझलमधून जोरात फेकतो, त्या धक्क्याने मशीन पळतं. म्हणजे एकाच फिरत्या शाफ्टच्या एका टोकाला कोरडं इंजिन आणि दुसऱ्या टोकाला समुद्र, आणि मधे पाणी अडवायला फक्त एक सील. त्यामुळे यातला जवळजवळ प्रत्येक जोड एकतर थ्रेडलॉकर (आटे चिकटवणारा गोंद) लावून करकचून आवळलेला असतो नाहीतर पाणी अडवायला अगदी बारीक फटीवर बसवलेला असतो, आणि अशा जोडाला साध्या पान्याने हात घातला की हमखास काहीतरी तुटतं. वर खाऱ्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं आणि अ‍ॅल्युमिनियममध्ये स्टेनलेसचा बोल्ट असेल तर दोन सीझनमध्ये तो असा धरतो की वेल्डिंग केल्यासारखा वाटतो.

इम्पेलर टूल

एकच खास हत्यार घ्यायचं असेल तर हे घ्या. जेट स्की नीट पळत नाही, इंजिन ओरडतं पण स्पीड येत नाही, ही सगळ्यात नेहमीची तक्रार, आणि अशा वेळी इंजिनच्या आधी पंप बघावा. इम्पेलर ज्या नळीत फिरतो तिला वेअर रिंग म्हणतात. सी-डूमध्ये ती प्लॅस्टिकची असते, म्हणजे मुद्दामच झिजणारी, वाळू-खडे आत गेले तर महागडा इम्पेलर वाचावा म्हणून. पाती आणि रिंग यांच्यात मिलिमीटरच्या काही अंशाएवढीच फट हवी. फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) ती प्रत्येक पात्याच्या टोकाशी मोजायची, आणि जुन्या सी-डूंच्या मॅन्युअलमध्ये दिलेली १ मिलिमीटरची मर्यादा ओलांडली की रिंग बदलायची. दुसऱ्या कंपन्यांचे आकडे वेगळे आणि जास्त कडक असतात, तेव्हा आपल्याच मॉडेलचं मॅन्युअल बघावं.

आता इम्पेलर काढायचा कसा. सी-डूच्या इम्पेलरच्या मधल्या भोकात आतून दातेरी खाचा असतात. टूल म्हणजे त्या खाचांत तंतोतंत बसणारा स्टीलचा दांडा, मागच्या बाजूला सॉकेट लावायला षटकोनी डोकं. पंप मशीनवरून उतरवायचा, मागचा कोन (शंकूच्या आकाराचं झाकण) काढायचा, आत तेल असलेल्या जुन्या पंपांत तेव्हाच तेल बाहेर येतं आणि ते बघूनच पुढचं कळतं, मधासारखं स्वच्छ असेल तर सील ठीक, चहात दूध घातल्यासारखं असेल तर पाणी आत शिरलंय आणि आता बेअरिंगही बघायला लागणार. मग पंपाच्या शाफ्टच्या टोकाला जे दोन चपटे भाग असतात ते व्हाइसमध्ये अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे लावून धरायचे, टूल पुढून घालायचं, पूर्ण खोल बसलंय ना हे बोटाने चाचपून बघायचं, कारण अर्धवट बसलेलं टूल खाचा सोलून काढतं आणि मग तो इम्पेलर गेलाच. लांब दांड्याचा पाना लावून सावकाश जोर वाढवत न्यायचा, हलत नसेल तर गॅसच्या टॉर्चने मधला भाग थोडा तापवायचा म्हणजे थ्रेडलॉकर मऊ पडतो. सुटताना एक ‘टक्’ आवाज येतो आणि त्यानंतर हाताने फिरतो.

इथे मोठी चूक होते ती आट्यांच्या दिशेची. सी-डूचे इम्पेलर साध्या आट्यांचे, पण यामाहाचे इम्पेलर उलट्या आट्यांचे असतात, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवलं की सुटतात. माहीत नसेल तर माणूस पूर्ण जोर लावून तो अजून आवळत बसतो, पान्याला पाइप लावतो, आणि शेवटी काहीतरी मोडतं. यामाहासाठी टूलही वेगळं, शाफ्टच्या दातेरी टोकाला धरणारा होल्डर लागतो. तेव्हा ‘सगळ्या जेट स्कींना चालणारं’ असं म्हणून कुणी टूल विकत असेल तर आधी आपलं मॉडेल आणि वर्ष टाकून खात्री करून घ्या.

वेअर रिंग काढायला मात्र महागडं काही लागत नाही. हॅकसॉचं ब्लेड आतून घालून प्लॅस्टिकच्या रिंगेला दोन ठिकाणी लांबीला काप द्यायचा, बाहेरच्या अ‍ॅल्युमिनियमला ओरखडा न पाडता, आणि स्क्रू ड्रायव्हरने तुकडे आत दाबून काढायचे. नवीन रिंग रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवली की किंचित आकसते आणि सकाळी लाकडाचा ठोकळा ठेवून सी-क्लॅम्पने सरळ आत जाते. प्रेस मशीनचं काम घरच्या फ्रीझरने होतं.

शाफ्ट, सील आणि कपलिंग

सी-डूमध्ये शाफ्ट हलमधून बाहेर पडतो तिथे कार्बनची रिंग असते, तिच्यावर स्टेनलेसची एक रिंग रबरी बुटाच्या दाबाने टेकून फिरते, आणि त्या दोन पृष्ठभागांच्या घासण्यातूनच पाणी अडतं. शाफ्ट काढायचा तर बूट दाबून रिंग सरकवायची आणि तिच्यामागची सर्क्लिप (शाफ्टच्या खाचेत बसणारी गोल क्लिप) काढायची. सांगायला एक वाक्य, करायला तीन हात. म्हणून एक काट्यासारखं, टोकाला दुभंगलेलं टूल मिळतं, त्याने बूट दाबून धरला की दुसरा हात सर्क्लिपला मोकळा राहतो. जाड पट्टीतून असा काटा लेथवाल्याकडून किंवा वेल्डरकडून सहज बनवून घेता येतो. बुटावरचे क्लॅम्प कान असलेले, एकदाच वापरायचे असतात, त्यांना कान चिमटायचा खास पकड लागतो. साध्या पकडीने दाबला तर क्लॅम्प एका बाजूने आवळतो आणि तिथूनच पाणी झिरपतं.

यामाहा आणि कावासाकीत इंजिन आणि शाफ्टच्या मधे दोन दातेरी कपलिंग आणि त्यांच्यामधे रबराचा डँपर (धक्के झेलणारा तुकडा) असतो. कपलिंग आट्यांवर बसलेली, म्हणून ती धरायला आणि फिरवायला जोडीचं होल्डर टूल.

इंजिन बाहेर काढून परत बसवलं की अलाइनमेंट आलीच. इंजिनचा आणि पंपाचा मध्य एका रेषेत नसेल तर शाफ्ट थरथरतो, सील खातो, बेअरिंग खातो आणि चालवणाऱ्याला फक्त हँडलला कंप जाणवतो. सी-डूसाठी पंपाच्या जागी प्लेट लावून तिच्यातून लांब बार घालतात आणि तो इंजिनच्या टोकात अडखळल्याशिवाय जातो का ते बघतात, नसेल जात तर माउंटखाली शिम (पातळ पत्रा) घालायची. कपलिंगवाल्या मशीनला सरळपट्टी आणि फिलर गेज पुरतं. अलाइनमेंट बार आयुष्यात एकदा-दोनदाच लागतो, तेव्हा तो विकत घेण्यापेक्षा दोन दिवस उसना आणावा असं माझं स्पष्ट मत आहे.

हवेच्या दाबाच्या तपासण्या

हे हत्यार सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. जुन्या टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेसला कुठे बारीक गळती असेल तर बाहेरची हवा आत येते, पेट्रोल-हवेच्या मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि पिस्टन वितळतो. नवीन पिस्टन टाकून गळती न शोधता चालवली की तोही जातो. म्हणून इंजिन बांधल्यावर एक्झॉस्ट आणि कार्बच्या (कार्बुरेटरच्या) तोंडांना प्लेटा लावून बंद करायचं, हातपंपाने ५ पीएसआय हवा भरायची आणि ३ मिनिटं काटा हलतोय का बघायचं. उतरला तर साबणाचं पाणी लावत जायचं, जिथे बुडबुडे तिथे दोष. प्लेटा अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याच्या आणि आतून सायकलच्या ट्यूबचं रबर, एवढ्यावर घरी किट तयार होतो. तेल असलेल्या पंपालाही असाच दाब देतात, १० पीएसआय आणि किमान १० मिनिटं. कार्बुरेटरसाठी पॉप-ऑफ गेज वेगळा, त्यात नीडल व्हॉल्व्ह किती दाबाला उघडतो ते कळतं. आणि कार्बवरचे फुलीचे स्क्रू जपानी जेआयएस मापाचे असतात, साधा फिलिप्स ड्रायव्हर त्यांत घसरतो आणि डोकं गोल होऊन बसतं, म्हणून जेआयएस ड्रायव्हरचा एक छोटा सेट कार्बला हात लावायच्या आधीच घ्या.

टू-स्ट्रोकचा मॅग्नेटो (क्रँकशाफ्टच्या टोकावरचं, वीज तयार करणारं चक्र) काढायला आपल्या मॉडेलचाच पुलर लागतो. कडेला पहार घालून उचकटू नका, क्रँकशाफ्टचं टोक वाकलं तर पूर्ण इंजिन खोलायला लागतं.

फोर-स्ट्रोक, सुपरचार्जर आणि कॉम्प्युटर

फोर-स्ट्रोक मशीनमध्ये इंजिनखाली हात जात नाही, म्हणून बाईकसारखा खालचा बोल्ट काढून ऑइल सोडता येत नाही. डिपस्टिकच्या नळीतून पातळ पाइप घालून व्हॅक्यूम पंपाने ऑइल वर ओढायचं. इंजिन आधी थोडं गरम करून घेतलं तर भराभर येतं.

सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप) हा घरच्या मेकॅनिकने सगळ्यात जास्त सांभाळून हात लावायचा भाग. सी-डूच्या सुरुवातीच्या सुपरचार्जर मॉडेल्समध्ये क्लचला सिरॅमिकचे वायसर होते, ते फुटले की तुकडे थेट इंजिनच्या ऑइलमध्ये उतरायचे आणि पूर्ण इंजिन संपायचं, नंतर त्या जागी मेटलचे आले. ते उघडून बांधायला गिअर धरायचं होल्डर, प्रेसचे सपोर्ट आणि शेवटी क्लच किती जोराला घसरतो ते मोजायला टॉर्क रेंच लागतो. हा स्लिप टॉर्क मोजल्याशिवाय सुपरचार्जर परत बसवू नये. ज्याच्याकडे टॉर्क रेंच नाही त्याने हे काम बाहेर द्यावं, त्यात कमीपणा काही नाही.

कॉम्प्युटरच्या बाबतीत प्रत्येक कंपनीचं सॉफ्टवेअर वेगळं: सी-डूचं बड्स, यामाहाचं वायडीएस, कावासाकीचं केडीएस. जुन्या सी-डूंसाठी कॅन्डू प्रो नावाचं दुसऱ्याने बनवलेलं उपकरण लोक बरंच वापरतात, त्याने फॉल्ट कोड वाचता येतात, इंजिन किती तास चाललंय ते दिसतं आणि नवीन सुरक्षा चावी मशीनला ओळखायला शिकवता येते. सेकंडहँड घेताना विकणारा सांगतो ते तास आणि कॉम्प्युटरमधले तास जुळतात का, हे बघायला एवढी केबल सोबत नेली तरी पैसे वसूल.

फ्लशिंग

बागेच्या पाइपला जोडायचा अ‍ॅडॉप्टर हे इंजिनच्या आतून गोडं पाणी फिरवून मीठ धुवायचं, शंभर-दोनशे रुपयांएवढं साधं दिसणारं हत्यार, पण ते चुकीच्या क्रमाने वापरून इंजिन मारलेले लोक आहेत. क्रम असा: आधी इंजिन चालू, मग पाणी चालू; बंद करताना आधी पाणी बंद, मग इंजिनला एक-दोनदा थोडी रेस देऊन आतलं पाणी बाहेर, मग इंजिन बंद. उलटं केलं तर एक्झॉस्टमध्ये सोडलेलं पाणी बाहेर ढकलायला गॅसचा जोर नसतो, ते भरत जातं आणि सिलिंडरमध्ये उतरतं. पाण्याशिवाय इंजिन फार वेळ चालवायचंही नाही, एक्झॉस्टचे रबरी भाग जळतात आणि कार्बन सील तापतं. सीट उघडून पेट्रोलचा वास गेल्यावरच स्टार्टर दाबायचा, आणि बंद गॅरेजमध्ये तर इंजिन चालवायचंच नाही.

अमेरिकेत हिवाळ्याआधी पाणी गोठून इंजिन फुटू नये म्हणून फ्लश आणि अँटीफ्रीझ करतात. कोकणात गोठायचा प्रश्न नाही, पण पावसाळ्यात मशीन महिनोन्महिने उभी राहते आणि तेवढ्या दमट हवेत मीठ आपलं काम करत राहतं, म्हणून मे अखेरीला गोड्या पाण्याने फ्लश, सिलिंडरमध्ये फॉगिंग ऑइल (गंज रोखणारं तेल), बॅटरी घरी आणून चार्जरवर आणि सगळ्या कनेक्टरना डायइलेक्ट्रिक ग्रीस (ओल अडवणारं), हे चार हात फिरवलेली मशीन सप्टेंबरमध्ये पहिल्या बटणाला चालू व्हायची शक्यता बरीच वाढते.

इम्पेलरमध्ये अडकलेली दोरी काढायला आकड्यासारखं वळलेलं, आतल्या बाजूने धार असलेलं ब्लेड मिळतं. हे पाण्याजवळ, मशीनमध्येच ठेवायचं हत्यार. मासेमारीची नायलॉन दोरी शाफ्टवर गुंडाळली की घर्षणाने वितळून घट्ट बसते आणि साध्या सुरीने निघत नाही. हात घालायच्या आधी सुरक्षा चावी काढून खिशात. खालून पोचायला मशीन कलंडवायला लागलीच तर मागच्या बाजूला बाण असलेलं स्टिकर असतं, त्याच दिशेने कलंडवायची, विरुद्ध दिशेला फिरवली तर वॉटर बॉक्समधलं (एक्झॉस्टच्या मार्गातल्या पेटीतलं) पाणी इंजिनात जातं. जुन्या मशीनवरचं हे स्टिकर उन्हाने उडालेलं असतं, त्यामुळे मॅन्युअलमध्ये बघून तो बाण परमनंट मार्करने परत काढून ठेवावा.