आमच्याकडे कुंकू संपत नाही

आमच्या घरी कुंकू कधी संपत नाही, ते वाढतं. बांगडी फुटत नाही, वाढते. नारळही फोडायचा नसतो, वाढवायचा असतो. बेळगावात आमच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या कन्नड अक्का दिवा विझवायला सांगताना ‘दीप दोड्डदु माडु’ म्हणतात. शब्दशः अर्थ, दिवा मोठा कर. ऐकून त्यांचा नातू वात मागे ओढतो आणि अंधार होतो. ज्या गोष्टीचं संपणं अशुभ, तिच्यासाठी मुद्दाम उलटा शब्द वापरायचा, ही पळवाट जगातल्या बऱ्याच भाषांनी काढली आहे. मराठी आर्यकुळातली, कन्नड द्राविडी. तरी या बाबतीत दोघींचं देवघर एकच.

हे सगळं डोक्यात आलं ते भाचीच्या वहीमुळे. ती सातवीत, इंग्रजी माध्यमात. ‘आमचं दूध संपलं’ याचं तिने ‘अवर मिल्क गॉट ओव्हर’ केलं आणि वहीवर लाल रेघ आली. बरोबर उत्तर होतं ‘वी रॅन आउट ऑफ मिल्क’. तिने मला विचारलं, “मामा, पळालं कोण?”

प्रश्न चोख आहे. मराठीत या वाक्याचं कर्तेपण दुधाकडे असतं, आपण नुसते बघे. बेळगावच्या शहापुरातला दुकानदार कन्नडमध्ये ‘हालु खाली आतरी’, म्हणजे ‘दूध संपलं’, म्हणतो तेव्हाही कर्ता दूधच. इंग्रजीने मात्र माणसाला पुढे उभं केलं आहे. दूध जागच्या जागी, पळतो तो माणूस. आपल्या दोन्ही भाषांत दूध कर्ता, म्हणून आपल्या पोरांच्या इंग्रजीतही तेच कर्ता होतं. मी गुरुजी असतो तर लाल रेघ मारली नसती. ‘गॉट ओव्हर’ला भारतात आता घरच्यासारखीच वागणूक मिळते.

इंग्रजीत संपण्या-संपवण्याचे शब्द ढिगाने आहेत. त्यातले वजनदार बहुतेक लॅटिनमधून आलेले, आणि प्रत्येकाच्या पोटात एक चित्र आहे. ‘एक्झॉस्ट’ घ्या. लॅटिनमधलं ‘हाउरिरे’ म्हणजे पाणी शेंदणं, ‘एक्स’ म्हणजे बाहेर. थोडक्यात, उपसून काढणं. अथणी-चिकोडीकडच्या ऊसवाल्याला हे समजावून सांगावं लागणार नाही; त्याची विहीर उपसलेली असते, आणि सरकारी कागदातही ‘भूजल उपसा’ असंच लिहितात. दमलेला माणूस ‘एक्झॉस्टेड’, म्हणजे तळ दिसेपर्यंत उपसलेला. मोटरसायकलच्या मागची नळीही एक्झॉस्टच, ती धूर उपसते. पण उन्हाळ्यात तीच विहीर कोरडी पडली की आपण ‘विहीर आटली’ म्हणतो. उपसण्यात कुणाचा तरी हात असतो. आटण्यात कुणाचाच नसतो, पंप रात्रभर चालू असला तरी!

‘डिप्लीट’मध्ये तर आपले घरचेच लोक भेटतात. ‘प्लेरे’ म्हणजे भरणं, ‘डे’ने ते उलटं केलं, भरलेलं होतं, ते आता भरलेलं नाही. या ‘प्लेरे’चं आणि संस्कृतातल्या ‘पूर्ण’चं मूळ एकच. त्याच ‘पूर्ण’च्या घरातून मराठीत पुरणे, पुरवठा आणि पोळीतलं पुरण आलं. ‘सप्लाय’ही त्याच लॅटिन धातूचा. म्हणजे गोदामातला सप्लाय, घरातला पुरवठा आणि सणाची पुरणपोळी हे सगळे भाऊबंद, आणि ‘डिप्लीशन’ हा त्यांच्यातला घर सोडून गेलेला. अंटार्क्टिकावरचा ओझोन घटतोय हे १९८५ साली जाहीर झालं. या घटीला शास्त्रज्ञ हाच शब्द वापरतात. आपल्याकडे ‘ओझोनला भोक’ हे चित्र जास्त चाललं. भोक म्हटलं की फाटलेली छत्री दिसते. प्रत्यक्षात तिथला ओझोन विरळ झाला होता, भरलेली परात उणी व्हावी तसा.

‘कन्झ्यूम’ म्हणजे पुरतं घेऊन टाकणं. आग घर कन्झ्यूम करते, माणूस जेवण. क्षयरोगाला इंग्रजीत जुनं नाव ‘कन्झम्प्शन’ होतं, कारण रोगी आतून खाल्ल्यासारखा झिजत जायचा. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी त्या जंतूचा शोध जाहीर केला आणि पुढे हे नाव मागे पडत गेलं. आपलं ‘क्षय’ मात्र टिकून राहिलं. ग्रीक वैद्य या रोगाला ‘फ्थिसिस’ म्हणत. कानाला हा शब्द अगदी परका वाटतो, पण त्याचा धातू आणि संस्कृतातला ‘क्षि’ हे एकाच आदिम धातूपासून आले आहेत. अक्षय तृतीयेतला ‘क्षय’ तोच.

विजेच्या बिलावर मात्र ‘कन्झम्प्शन’ जरा फसवं आहे. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. फ्रिजने ती वीज ‘खाल्ली’ तरी ऊर्जा कुठे नाहीशी झाली नाही, उष्णता होऊन स्वयंपाकघरातच पसरली.

आता मला सर्वांत गमतीचा वाटणारा भाग. इंग्रजीत ‘ईट’ला ‘अप’ जोडलं की खाणं पुरं होतं: ईट अप, ड्रिंक अप, यूज अप. ‘अप’ म्हणजे वर. वर कशाला? मराठीत हेच काम ‘टाकणे’ करतं: खाऊन टाकलं, पिऊन टाकलं. टाकलं कुठेच नाही, उलट पोटात गेलं. कन्नडमध्ये ‘तिंदु बिट्ट’, त्याने खाऊन ‘सोडलं’. एकीने वर नेलं, दुसरीने टाकलं, तिसरीने सोडलं, आणि तिघींनी सांगितलं एकच: ताट रिकामं आहे. परीक्षा करून बघा. ‘मी लाडू खाल्ला, पण सगळा नाही’ हे वाक्य कसंबसं खपतं. ‘मी लाडू खाऊन टाकला, पण सगळा नाही’ म्हटलं की ऐकणारा हसतो. अशा क्रियापदांत लाडू हेच घड्याळ असतं. तो जितका उरला तितकी क्रिया बाकी. मराठी-कन्नडची ठेवण इतकी जुळते हा योगायोग नव्हे. सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये मराठी, कन्नड, उर्दू बोलणाऱ्यांची वाक्यरचना शेजारामुळे कशी एकसारखी होत गेली, हे गंपर्झ आणि विल्सन या भाषा-अभ्यासकांनी १९७१ साली मांडलं. शब्द आपापले राहिले, साचा एक झाला.

भाचीला हे सांगत होतो तेव्हा समोर कुंद्याचा, म्हणजे बेळगावच्या दुधाच्या मिठाईचा, डबा होता. कुंदा करायचा तर दूध आटवावं लागतं. म्हशीच्या दुधात शेकडा ८० हून जास्त पाणीच, ते उडून जातं तेव्हा कुठे तो तपकिरी खवा हाताला लागतो. विहीर आटली की रडायचं आणि दूध आटलं की खायचं. आई आतून ओरडली, “पुरवून खावा रे, एका दिवसात उडवू नका!”

“पुरवून खा, याला इंग्रजीत काय?” भाचीने पेन सरसावलं.

मी अडलो. ‘सेव्ह’ नाही, ‘शेअर’ही नाही. शेवटी आठवलं, ‘ईक आउट’. थोडकं असेल ते ताणून ताणून पुरवणं. हा ‘ईक’ फार जुना इंग्रजी शब्द, आता एकट्याने जवळजवळ फिरकत नाही. त्याचा मूळ अर्थ सांगितला तेव्हा भाचीने स्वयंपाकघराकडे बघून “आजी!” अशी हाक मारली. मूळ अर्थ आहे, वाढवणे.

डबा तोवर वाढला होता.