दगडाची धूळ आणि क्षयाचा जंतू

ठाण्यातल्या घोडबंदर रस्त्यावरच्या नव्या इमारतींत स्वयंपाकघराचा ओटा बसवताना कटरच्या पात्याखालून धुळीचा लोट उठतो. त्यातले जाड कण नाका-घशात अडकून खोकल्याबरोबर बाहेर पडतात. घातक ठरतात ते डोळ्यांना न दिसणारे, पाच मायक्रोमीटरहून बारीक असे स्फटिकी सिलिकाचे कण, कारण ते थेट फुप्फुसाच्या वायुकोशांत जाऊन बसतात.

वायुकोशांत भक्षक पेशींचा पहारा असतो. आत आलेला जंतू गिळून पचवणे हे त्यांचे काम, आणि सिलिकाचा कणही त्या तसाच गिळतात; पण दगड पचत नाही. पेशीच्या आतल्या पाचक पिशवीचे आवरण त्याने फाटते, दाह पेटवणारी रसायने सोडत पेशी मरते, आणि मोकळा झालेला तोच कण दुसरी पेशी गिळते. काम सुटले तरी हे चक्र थांबत नाही. त्यातून फुप्फुसात घट्ट तंतूंच्या गाठी होतात, तोच सिलिकोसिस. क्षयाच्या जंतूला अडवण्याची जबाबदारीही याच पेशींवर असल्यामुळे अशा कामगाराला क्षय होण्याचा धोका इतरांपेक्षा कित्येक पट असतो. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणकामगारांच्या अभ्यासात तर सिलिकोसिस नसतानाही, आणि खाण सोडल्यानंतरही, नुसत्या धुळीमुळे हा धोका वाढलेला आढळला.

इथे दगडादगडात फरक करायला हवा. ठाण्याजवळच्या पारसिकच्या डोंगराचा काळा कातळ बेसॉल्टचा आहे आणि त्यात मुक्त क्वार्ट्झ, म्हणजेच स्फटिकी सिलिका, अगदी थोडा असतो. बाहेरून येणाऱ्या ग्रॅनाइटमध्ये तो बराच जास्त असतो, तर ओट्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या अनेक कृत्रिम क्वार्ट्झ लाद्यांत ९० टक्क्यांच्याही वर. अशा लाद्यांवर ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून बंदीच घातली.

निदानाची वाट अवघड आहे. दोन्ही आजारांत खोकला, धाप, वजन घटणे, आणि छातीच्या फोटोत दोन्हींच्या खुणा बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागातच. त्यामुळे कधी सिलिकोसिसला टीबी समजून औषधे दिली जातात, तर कधी खरा टीबी जुन्या गाठींआड लपून राहतो. म्हणून थुंकीत जंतू शोधणे टाळून चालत नाही. दोन्ही आजार एकत्र असले की उपचारही वेगळा पडतो. हाँगकाँगमधल्या अशा रुग्णांवरच्या एका चाचणीत सहा महिन्यांच्या औषधांनंतर २२ टक्के रुग्णांचा आजार उलटला, आठ महिन्यांच्या औषधांनंतर हेच प्रमाण ७ टक्क्यांवर आले. नाक्यावरून कामाला जाणाऱ्या रुग्णाला ‘काय काम करता आणि किती वर्षे’ हे कोणी विचारलेच नाही, तर हे दोन जादा महिने त्याच्या वाट्याला येणार कसे? हा प्रश्न केसपेपरवर वयाइतकाच ठळक छापलेला असावा, असे मला मनापासून वाटते.

कायद्यानुसार सिलिकोसिस हा कळवणे बंधनकारक असलेला आजार आहे. मात्र ठेकेदाराकडे रोजंदारीवर असलेल्या मिस्त्रीचे नाव बहुतेकदा कुठल्याच हजेरीपटावर नसते. तोंडाला बांधलेल्या गमछाच्या विणीतून हे कण सहज पार होतात. पात्यावर पाण्याची धार सोडून लादी कापली, तर बरीचशी धूळ हवेत उडण्याआधीच चिखल होऊन खाली बसते.