लोकवर्गीकरण

सामायिक साठ्यातील छायाचित्रे, दुवे, पुस्तके, नकाशे किंवा ध्वनिफिती यांना त्या वापरणाऱ्या लोकांनीच आपापल्या शब्दांत टॅग, म्हणजे ओळखीचे छोटे शब्द, लावावेत आणि त्या टॅगांच्या बेरजेतून साठ्याची मांडणी उभी राहावी, या पद्धतीला लोकवर्गीकरण म्हणतात. टॉमस व्हँडर वॉल यांनी २००४ मध्ये तिच्यासाठी ‘फोक्सॉनॉमी’ हा शब्द घडवला. मराठीत बोलताना ‘टॅग टाकणे’ एवढेच म्हटले जाते, आणि पुष्कळांच्या लेखी टॅग करणे म्हणजे फोटोला मित्राचे नाव जोडणे; तो अर्थ येथे अभिप्रेत नाही.

ग्रंथालयातील वर्गीकरण आधी ठरते आणि वस्तू नंतर त्यात बसवली जाते. मेल्विल ड्यूई यांची दशांश पद्धती (१८७६) असो किंवा शि. रा. रंगनाथन यांची द्विबिंदू पद्धती (१९३३), वर्ग कोणते आणि त्यांचा क्रम काय हे जाणकार ठरवतात. त्यामागे एक व्यावहारिक अडचणही आहे : पुस्तक एकाच फडताळावर राहू शकते. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिर या संग्रहातील हस्तलिखितांचा हवाला बाडाच्या क्रमांकाने दिला जातो, आणि एक पोथी दोन बाडांत असू शकत नाही. संगणकावरील वस्तूला ही अट लागू नाही. तेथे फक्त तीन गोष्टींची नोंद होते : टॅग कोणी लावला, कशाला लावला आणि कोणता शब्द वापरला. अशा लाखो नोंदी साठल्या की एखादा शब्द दाबताच तो लावलेल्या सर्व वस्तू समोर येतात, आणि एकच वस्तू वीस शब्दांखाली सापडू शकते. जोशुआ शॅक्टर यांनी २००३ मध्ये सुरू केलेली दुवे जपण्याची सेवा डिलिशस आणि २००४ मधील छायाचित्रांची सेवा फ्लिकर यांनी ही रीत सर्वत्र पोहोचवली. २३ ऑगस्ट २००७ रोजी ख्रिस मेसिना यांनी ट्विटरवर शब्दापूर्वी # हे चिन्ह लावून चर्चा एकत्र करण्याचे सुचवले; त्यातून हॅशटॅग आला.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात कानबाई ही देवी बसते आणि सोमवारी तिचे विसर्जन होते. चौरंगावर नारळाची सजवलेली कानबाई, बाजूला केळीचे खांब, पुढे रोटांचा नैवेद्य, असे एक छायाचित्र सामायिक साठ्यात आले अशी कल्पना करावी. एक जण त्यावर ‘कानबाई’ लिहील, दुसरा ‘कानुबाई’, तिसरा ‘कानूबाई’, तर चौथा आदराने ‘कानुमाता’. कोणी ‘रोट’ आणि ‘श्रावण’ लिहील. पुण्यात स्थायिक झालेला एखादा ‘गावाकडचे’ असे लिहील आणि अमळनेरची लेक ‘माहेर’. यातील पहिले चार शब्द वस्तूचे नाव सांगतात, पुढचे दोन तिचे अंग किंवा काळ सांगतात आणि शेवटचे दोन पाहणाऱ्याचे वस्तूशी असलेले नाते सांगतात. कोणत्याही सूचिकाराने ‘माहेर’ हा वर्ग केला नसता, आणि करूही नये. पण लोकवर्गीकरणात तो शब्द राहतो आणि कोणाच्या तरी उपयोगीही पडतो.

शब्दांची ही मोकळीक शोधणाऱ्याच्या मुळावर येते ती लेखनभेदांमुळे. ‘खानदेश’ आणि ‘खान्देश’ ही दोन्ही रूपे छापील मराठीत सर्रास चालतात, पण यंत्राला ते दोन वेगळे टॅग वाटतात आणि एका शब्दाने शोधणाऱ्यास दुसऱ्याखालचा साठा दिसत नाही. अहिराणी या खानदेशी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होत असल्याने ‘केळी’चे ‘केयी’ आणि ‘धुळे’चे ‘धुये’ होते. बोलीत लिहिणारा तसाच टॅग लावतो. याहून फसवी गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही. रावेर तालुक्यातील केऱ्हाळे या गावाच्या नावातील अर्धा ‘र’ युनिकोड या संगणकीय अक्षरसंकेतात दोन प्रकारे साठवता येतो : ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच उमटतात, आणि सेवेने त्यांना आतून एकरूप केले नसेल, तर एकाच गावाचे दोन साठे होतात. हॅशटॅगमध्ये रिकामी जागा चालत नाही, हीही एक भर. तिच्यामुळे ‘शेव भाजी’ लिहिणाऱ्याचा टॅग ‘शेव’वरच संपतो.

उलट दिशेने, एकाच शब्दाखाली भलत्याच वस्तू एकत्र येतात. उनपदेव हे गरम पाण्याचे झरे चोपडा तालुक्यात अडावदजवळ आहेत, आणि शहादा तालुक्यातही उनपदेव आहे; नुसता ‘उनपदेव’ हा टॅग पाहून सहलीला निघणाऱ्याने तालुका विचारून घेतलेला बरा. जिल्ह्यांच्या नावांनी आणखी गुंता होतो. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, पुढे त्यांनाच जळगाव व धुळे ही नावे मिळाली आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. म्हणून नंदुरबारच्या एखाद्या जुन्या कागदावर ‘पश्चिम खानदेश’, ‘धुळे’ आणि ‘नंदुरबार’ हे तिन्ही टॅग दिसले, तर त्यांपैकी कोणताही चूक म्हणता येत नाही.

कोण किती जाणतो यावरही टॅग ठरतो. केळीच्या बागेचे छायाचित्र मुंबईचा प्रवासी ‘केळी’ किंवा फार तर ‘शेती’ म्हणून नोंदवील. रावेर-यावलचा शेतकरी त्यालाच ‘ग्रँड नैन’ (केळीचे वाण), ‘करपा’ (रोग) किंवा ‘कांदेबाग’ म्हणेल. पावसाळ्याच्या तोंडी लावलेली ती मृगबाग आणि पावसाळा सरता लावलेली ती कांदेबाग, ही त्याची रोजची भाषा आहे. बाहेरच्याला मात्र कांदेबागेत कांदे दिसावेत असे वाटते. तज्ज्ञाचा नेमका टॅग आणि नवख्याचा ढोबळ टॅग यांची अशी गाठ प्रत्येक साठ्यात पडते. दोन्ही शेजारी नांदू देणे हा या पद्धतीचा मोठा गुण आहे, कारण ‘केळी’ शोधत आलेला माणूस तेथेच ‘कांदेबाग’ हा शब्द पहिल्यांदा वाचतो.

एवढ्या मोकळिकीतून निव्वळ गोंधळ का होत नाही, हा प्रश्न स्कॉट गोल्डर आणि बर्नार्डो ह्यूबरमन या संशोधकांनी डिलिशसवरील नोंदी तपासून हाताळला. त्यांना असे आढळले की, एखादा दुवा साधारण शंभर लोकांनी जपून ठेवला की त्यावरील निरनिराळ्या टॅगांचे परस्परांशी प्रमाण जवळजवळ स्थिर होते आणि नंतर येणाऱ्यांमुळे ते फारसे हलत नाही. लोक आधीचे टॅग पाहून अनुकरण करतात हे त्याचे एक कारण, आणि मुळात त्यांचे ज्ञान व भाषा समान असते हे दुसरे. ठरवून न केलेली ही एकवाक्यता बाजारात भाव निघण्यासारखी आहे. तिला माणसे मात्र पुरेशी लागतात. व्हँडर वॉल यांनी याच मुद्द्यावर दोन प्रकार वेगळे केले : एका वस्तूला अनेक जण टॅग लावतात ते विस्तृत लोकवर्गीकरण, आणि मुख्यतः वस्तू टाकणाराच टॅग लावतो ते संकुचित. मराठीतील बहुतेक साठे दुसऱ्या प्रकारात मोडतात. तेथे शंभरांचे मत जमण्याआधीच एकाचे लेखन कायम होते.

उपायांपैकी सर्वांत साधा उपाय म्हणजे पहिली दोन अक्षरे लिहिताच प्रचलित टॅग सुचवणे. त्याने लेखनभेद घटतात, पण बहुसंख्यांचे रूप बोलीतल्या रूपाला गिळून टाकते. ‘केयी’ लिहू पाहणाऱ्याला ‘केळी’ सुचवली की तो पुन्हा ‘केयी’ लिहीत नाही. लायब्ररीथिंग या पुस्तकनोंदणीच्या सेवेतील सदस्यांना समानार्थी टॅग एकमेकांना जोडता येतात. मूळ शब्द न पुसता शोध एकत्र करणारा हा मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो. स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये सुरू केलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशात टॅगचे दोन भाग असतात, गुणधर्म आणि त्याचे मूल्य. त्यामुळे एकाच ठिकाणाचे मराठी नाव, पर्यायी नाव आणि जुने नाव वेगवेगळ्या रकान्यांत राहू शकतात, आणि धुळे व धुये यांना एकमेकांची जागा बळकावावी लागत नाही.

संस्थांनीही लोकांच्या टॅगांचा लाभ घेतला आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २००८ मध्ये सुमारे तीन हजार जुनी छायाचित्रे फ्लिकरवर ठेवली, तेव्हा पाहणाऱ्यांनी टॅग तर लावलेच, शिवाय ठिकाणे व व्यक्ती ओळखून मूळ नोंदींतील त्रुटीही दाखवून दिल्या. दुरुपयोग उघड आहे : वांग्याच्या भरताच्या चित्रफितीखाली चालू चर्चेतील दहा असंबद्ध हॅशटॅग चिकटवले जातात आणि त्या शब्दांनी शोधणाऱ्यांची वाट अडते.

टॅग सहसा वस्तूत नसतात, सेवेच्या साठ्यात असतात. २०१७ मध्ये डिलिशस पिनबोर्ड या दुसऱ्या सेवेने विकत घेतली आणि डिलिशसवर नवे टॅग लावणे थांबले. व्हॉट्सॲपवरून पुढे पाठवलेल्या छायाचित्राबरोबर तर कोणताच टॅग जात नाही. भाऊबंदांच्या गटात आलेल्या कानबाईच्या फोटोवर गाव, साल, घर यांपैकी काहीही उरलेले नसते, आणि विचारले तर ‘मागच्या वर्षीचा असेल’ एवढे उत्तर येते.