रात्रीच्या लांब प्रवासाला कमी आवाजाची मोटारसायकल

मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग आणि समृद्धी महामार्ग, दोन्हींवर दुचाकीला बंदी आहे. त्यामुळे आपल्याकडची लांब पल्ल्याची मोटारसायकल जुन्या रस्त्यांनी आणि वस्त्यांमधूनच जाते. पनवेलहून सावंतवाडीला निघालात तर कितीही बाह्यवळणं झाली तरी पेट्रोलला, चहाला, मुक्कामाला कुठल्या तरी गावात शिरावं लागतंच. शिवाय पहाटे तीनला स्वतःच्या सोसायटीतून बाहेर पडायचं असतं ते वेगळंच.

म्हणून ‘शांत गाडी कुठली घेऊ?’ असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, शांत कुणासाठी? चालवणाऱ्याला छळणारा आवाज आणि झोपलेल्या माणसाला उठवणारा आवाज हे दोन वेगळे आवाज आहेत. त्यांचा उगम वेगळा आणि इलाजही वेगळा.

आधी झोपलेल्या माणसाचं बघू. आपल्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती काही काळाची सरासरी असते, क्षणाची नव्हे. मोटारसायकलला मात्र कारखान्यातून बाहेर पडताना ८० ते १७५ सीसीपर्यंत ७७ आणि त्यापुढे ८० डेसिबलची मुभा आहे. हा आकडा ज्या चाचणीत मोजतात तीत गाडी ठरलेल्या वेगाने येते, एका रेषेपाशी ॲक्सिलेटर पूर्ण पिळायचा आणि साडेसात मीटरवरच्या मायक्रोफोनने आवाज टिपायचा. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे ८० डेसिबलची गाडी ३० मीटरवरही ६८ भरते. गल्लीत तर दोन्ही बाजूंच्या भिंती आवाज परतवतात, त्यामुळे तो इतकाही उतरत नाही. सुदैवाने गल्लीतून कुणी ॲक्सिलेटर पूर्ण पिळत नाही. निदान पिळू नये.

आता या आकड्यांमागची मेख. डेसिबल मोजणारं यंत्र सगळ्या आवाजांना सारखं मोजत नाही. माणसाच्या कानाला खर्जातले आवाज कमी ऐकू येतात, म्हणून यंत्रही त्यांना वजावट देतं: १०० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला १०० कंपनांना, सुमारे १९ डेसिबल, ५० हर्ट्झला ३०, २५ हर्ट्झला जवळजवळ ४५. मोटारसायकलचा आवाज नेमका याच पट्ट्यात भरलेला असतो. चार स्ट्रोक इंजिनात एका सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो. आयडलिंगला, म्हणजे गाडी जागेवर नुसती चालू असताना, हजार आरपीएमवर (मिनिटाला हजार फेऱ्यांवर) सिंगल सिलिंडरचे सेकंदाला आठ ठोके पडतात आणि ते कानाला सुटे ऐकू येतात. बुलेटची डुगडुग ती हीच. ३००० आरपीएमला ठोके होतात २५ आणि ते एकमेकांत मिसळून गुरगुर होते, तिच्यासोबत ५०, ७५, १०० हर्ट्झचे स्वरही उमटतात. चार सिलिंडरच्या इंजिनात त्याच आरपीएमला १०० ठोके पडतात. शिवाय प्रत्येक ठोका लहान आणि दोन ठोक्यांत उसंत कमी, म्हणून आवाज सलग येतो.

भिंत आणि खिडकी उंच पट्टीचे आवाज बऱ्यापैकी अडवतात, खर्जाचे फारसे नाही. चेनची किरकिर आणि इंजिनातल्या झडपांच्या टॅपेटची टिकटिक बाहेरच राहते, धडधड तेवढी आत येते. स्लायडिंग खिडकीची काच ॲल्युमिनियमच्या चौकटीत सैल बसलेली असेल तर ती थरथरून स्वतःही वाजायला लागते. त्यामुळे यंत्रावर सारखाच आकडा दाखवणाऱ्या दोन गाड्यांपैकी एक इमारतीला उठवते आणि दुसरी निघून गेलेली कळतही नाही. गाडी घेताना नुसता डेसिबलचा आकडा विचारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

रात्र स्वतःही या आवाजाला साथ देते. दिवसा जमिनीलगतची हवा गरम आणि वरची गार असते, म्हणून आवाज वाकून आकाशाकडे जातो. थंडीच्या निरभ्र रात्री उलट होतं. जमीन झपाट्याने निवते, तिच्यालगतची हवा गार आणि वरची तुलनेने उबदार राहते. गरम हवेत ध्वनीचा वेग जास्त असल्याने वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो. घाटातल्या गावात डिसेंबरच्या रात्री दोन वळणं पलीकडची गाडी ऐकू येते ती यामुळे, आणि अर्थात रातकिड्यांखेरीज दुसरा आवाज नसतो म्हणूनही.

धडधड दाबायचं काम सायलेन्सरचं. एक्झॉस्टमधून वायू सलग बाहेर येत नाही, दाबाचे झटके येतात. कंपनीच्या सायलेन्सरमध्ये पडदे घालून कप्पे केलेले असतात. झटका एका कप्प्यातून दुसऱ्यात, तिथून उलट फिरून तिसऱ्यात जातो. परत येणारी लाट येणाऱ्या लाटेला छेद देते आणि काही ऊर्जा तिथेच संपते. काही सायलेन्सरमध्ये छिद्रांच्या नळीभोवती काचेचे तंतू भरतात, ते उंच पट्टीचा आवाज शोषतात. खर्ज दाबायला मात्र जागाच लागते, त्याला पर्याय नाही. म्हणून भोपळ्याएवढा बोजड सायलेन्सर दिसायला कितीही वाईट असला तरी रात्री फिरणाऱ्याने त्याला नाक मुरडू नये. फटाका सायलेन्सर म्हणजे हे कप्पे काढून टाकलेली सरळ नळी. पोलीस असे सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली चिरडतात, त्याचे फोटो अधूनमधून येतच असतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ‘आवाजाने लोक सावध होतात’ हा युक्तिवाद मला कधीच पटला नाही. नळीचं तोंड मागे असतं आणि धोका बहुधा पुढून येतो.

मूळ सायलेन्सरही कायम शांत राहत नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. लांबच्या प्रवासात ती वाफ निघून जाते. रोज कोपऱ्यापर्यंतच फिरणाऱ्या गाडीत ती थंड सायलेन्सरमध्ये निवते, तळाशी साचते आणि आतून गंज धरते. तळाला पडलेलं बारीक भोक वरून दिसत नाही. ॲक्सिलेटर सोडल्यावर मागून फटफट येत असेल तर ते भोक आणि इंजिनाजवळचं गॅस्केट दोन्ही तपासून घ्यावं.

इंजिनाच्या अंगचा आवाज गौण, पण निवड करताना कामाचा. एअर-कूल्ड इंजिनाच्या पातळ फिन्स (हवेने गार होण्यासाठीच्या धातूच्या पात्या) कंप पावून वाजतात, म्हणून अनेक गाड्यांत फिन्सच्या मध्ये छोटे रबरी तुकडे खोचलेले असतात. जुन्या गाडीत ते पडून गेलेले असतात आणि मालकाला पत्ताही नसतो. लिक्विड-कूल्ड इंजिनात सिलिंडरभोवती पाण्याचा थर असतो, तो आतली खडखड दाबतो. बॅलन्सर शाफ्टने, म्हणजे इंजिनाच्या हादऱ्यांना उलट हादरा देणाऱ्या फिरत्या दांड्याने, हादरे कमी होतात. रॉयल एनफिल्डने २०२० मध्ये मीटिऑर ३५० च्या नव्या इंजिनात तो घातला आणि त्याच कंपनीच्या जुन्या ३५० च्या तुलनेत लांबच्या प्रवासात हाताला येणाऱ्या मुंग्या बऱ्याच कमी झाल्या. ठोके मात्र सिंगलचेच राहिले.

चालवणाऱ्याचा त्रास वेगळा. ताशी साठ-सत्तरच्या पुढे हेल्मेटभोवती घुसळणारा वारा इंजिनावर मात करतो. ताशी १०० ला हेल्मेटच्या आत ९५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज मोजला गेला आहे. कामाच्या ठिकाणच्या आवाजाचा एक प्रचलित अमेरिकी निकष असा, की ८५ डेसिबल आठ तास चालेल, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे ९४ ला एकच तास. वाऱ्याचा हा आवाज वेगाच्या पाचव्या-सहाव्या घाताने वाढतो. शंभरवरून ऐंशीवर आलात तर पाच-सहा डेसिबल उतरतात आणि कानाला सोसवणारा वेळ तिप्पट-चौपट होतो. इतका फरक कुठलीही महागडी गाडी पाडणार नाही. फोमचे इअरप्लग अवश्य घालावेत. त्यांनी वारा आणि हॉर्न दोन्ही कमी होतात, पण वाऱ्याखाली दबलेला हॉर्न उलट नीट ओळखू येतो.

विंडशील्डबद्दल एक सावधगिरी. तिच्या कडेवरून सुटणारी गोंधळलेली हवा नेमकी हेल्मेटवर आदळत असेल तर आवाज वाढतो. मोकळ्या, सरळ रस्त्यावर सीटवरून जरा उठून बघा. डोकं वर गेल्यावर शांत वाटलं तर दोष विंडशील्डच्या उंचीचा आहे.

मग गाडी कुठली? मुख्यतः रात्री वस्तीतून ये-जा असेल आणि वेग सत्तरच्या आत, तर १५०-१६० सीसीची होंडा युनिकॉर्नसारखी साधी गाडी मी कुठल्याही दिवशी सुचवीन. रोज मोठे पल्ले असतील तर टॉप गिअरमध्ये कमी आरपीएमवर धावणारी, शक्यतो लिक्विड-कूल्ड दोन सिलिंडरची. इलेक्ट्रिक मोटारसायकल गल्लीत सर्वांत शांत, हे निर्विवाद. गंमत म्हणजे रिव्होल्टने २०१९ च्या आपल्या आरव्ही ४०० ला एक्झॉस्टचे कृत्रिम आवाज दिले, बंद करता येतील असे. लांब पल्ल्याला अडचण बॅटरीची आहे. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे शहरात मिळणारी रेंज महामार्गावर मिळत नाही.

पसंत पडलेली गाडी थंड असताना सुरू करून ऐका. फ्युएल इंजेक्शनची गाडी थंड इंजिनावर काही वेळ आयडलिंग मुद्दाम चढं ठेवते, आणि पहाटे शेजारी ऐकणार ते हेच. दुसऱ्या कुणाला गाडी चालू करायला सांगून स्वतः दहा पावलं मागे उभं राहा. नंतर भिंतीआड किंवा बंद दाराआड जाऊन पुन्हा ऐका. जुनी गाडी घेत असाल तर विकणारा बहुधा आपण पोचायच्या आधीच ती गरम करून ठेवतो. आधी इंजिनाजवळ हात नेऊन पाहा. ऊब लागली तर दुसऱ्या दिवशी सकाळी, न कळवता, पुन्हा जा.