मोगरा (छोट्या बागेतली लागवड)

मोगरा म्हणजे अंगणात, गॅलरीत, टेरेसवर कुठंही मावणारं सुगंधी झुडूप. शास्त्रीय नाव जास्मिनम सॅम्बॅक, कुळ ओलिएसी, म्हणजे जाई-जुई आणि पारिजातकाचंच. नेटवर फोटो बघून लोक ज्या लायलॅकची चौकशी करतात तोही ह्याच कुळातला, पण त्याला फुलायला हिवाळ्यात कित्येक आठवडे कडाक्याची थंडी लागते, ती सांगलीत काय किंवा सातारा शहरात काय मिळत नाही, त्यामुळे थोड्या जागेत वासाचं झाड हवं तर सरळ मोगरा लावावा.

खरं काम छाटणीचं. कळ्या येतात त्या नव्या फुटव्यावर, आणि तरी लोक कात्री लावायला घाबरतात, मग झाड नुसतं पानांनी माजतं. तासगावच्या द्राक्षवाल्यांना हे वेगळं सांगायला लागत नाही. डिसेंबरात पाणी कमी करत न्यायचं, ताण द्यायचा (कुंडी अगदी कोरडीठाक नाही करायची), जानेवारीत सगळ्या काड्या अर्ध्यावर आणायच्या, वाळलेल्या नि आत गुंतलेल्या बुडातून काढायच्या, राहिलेली पानंही हातानं काढली तरी चालतात, मग वरची माती हलवून दोन ओंजळी कुजलेलं शेणखत आणि भरपूर पाणी. थोड्याच दिवसांत डोळे फुगतात, पोपटी फुटवे निघतात आणि त्यांच्या टोकाला कळ्यांचे झुबके धरतात. मुख्य बहार मार्च ते जून.

ऊन रोज ५-६ तास पाहिजेच, त्यात तडजोड नाही. कृष्णाकाठची काळी माती पाणी धरून ठेवते, मुळं कुजतात, म्हणून तिच्यात वाळू आणि कंपोस्ट मिसळायचं. साताऱ्याकडं डोंगरउताराच्या मुरमात उलटं, पाणी लगेच निघून जातं, तिथं बुडाशी पालापाचोळा पसरावा. कुंडी १२ इंची, भोकं मोकळी. पान पिवळं पण शिरा हिरव्या दिसल्या तर बहुतेक लोह कमी पडतंय, चुनखडीच्या जमिनीत हे हमखास होतं. उन्हाळ्यात लाल कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) येतो, पानांच्या खालच्या बाजूनं पाण्याचा फवारा मारत राहिलं की आटोक्यात राहतो.

कुंडीसाठी गोल, घट्ट कळ्यांचा बटमोगरा चांगला, लांबट टोकदार कळ्यांचा मदनबाणही लावतात. पांढऱ्या टपोऱ्या झालेल्या कळ्या दुपारनंतर तोडल्या की संध्याकाळी घरात उमलतात. नवीन रोप करायचं तर पावसाळ्यात पेन्सिलएवढी जाड काडी लावावी, नाहीतर खालची फांदी वाकवून मातीत दाबावी, मुळं धरली की कापून वेगळी करायची.