शीर्षकपानावरचा ‘शुद्ध’: टेसच्या वादाची पार्श्वभूमी

व्हिक्टोरियन कादंबरीत ‘पाय घसरलेल्या’ बाईचे शेवट ठरलेले असत. नदी, क्षय, नाहीतर ऑस्ट्रेलियाला निघालेलं जहाज. टॉमस हार्डीच्या ‘टेस ऑफ द डर्बरव्हिल्स’ या कादंबरीची नायिका टेस 1891 मध्ये फासावर गेली, पण रान पेटलं ते फाशीवरून नाही. शीर्षकाखाली छापलेल्या ‘एक शुद्ध स्त्री’ या शब्दांवरून पेटलं.

इंग्लंडच्या कायद्याने बाईच्या शुद्धतेचा हा प्रश्न आपल्यापुरता केव्हाच मिटवला होता. 1834 च्या गरीब-कायद्याने अनौरस मुलाचा भार मुख्यतः आईवर टाकला. बापाकडून पोटगी मागायचा हक्क तिला 1844 मध्ये मिळाला, तोही आठवड्याला अडीच शिलिंगांचा. 1872 मध्ये ही मर्यादा पाच शिलिंग झाली. 1857 च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार पुरे होता. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य किंवा परित्यागासारखं आणखी काही सिद्ध करावं लागे. हा दुजाभाव 1923 पर्यंत टिकला. लग्नाच्या रात्री टेसचा नवरा एंजेल आपल्या 48 तासांच्या भानगडीची कबुली देतो आणि टेस त्याला तिथल्या तिथे माफ करते. मग ती आपली हकिगत सांगते, श्रीमंत ‘नातेवाइका’सोबतची रानातली ती रात्र आणि त्यातून झालेलं, मग दगावलेलं बाळ, आणि तिला माफी मिळत नाही. कायदा आणि एंजेल एकाच तराजूने तोलत होते.

त्यातून मासिकांचा धंदा. एका वृत्तपत्र-संस्थेने सुरुवातीची प्रुफं पाहून करार मोडला, दोन मासिकांनी हस्तलिखित परत पाठवलं. शेवटी एका सचित्र साप्ताहिकाने जुलै ते डिसेंबर 1891 मध्ये कादंबरी क्रमशः छापली, पण काटछाट करून. रानातल्या रात्रीऐवजी खोटं लग्न आलं. मरणाऱ्या बाळाला टेस स्वतःच बाप्तिस्मा देते, तो प्रसंग दुसऱ्या एका नियतकालिकात सुटा छापावा लागला. एंजेल चार गवळणींना उचलून पाण्यापलीकडे नेतो, हेही संपादकाला सोसेना. त्याच्या सांगण्यावरून एक ढकलगाडी आणली गेली. ढकलगाडीत बसून शील कसं राखलं जातं, ते त्या संपादकालाच ठाऊक.

पुस्तकरूपात बराचसा मजकूर परत आला. तरी रानातल्या त्या रात्रीआधी, त्याच शनिवारी झालेल्या नाचाचं वर्णन मूळ जागी यायला 1912 उजाडलं.

आता तो शब्द. शेवटची प्रुफं वाचून झाल्यावर आपण तो अगदी ऐनवेळी घातला, यावर कुणी वाद घालेल असं वाटलं नव्हतं, पण पुस्तकात सर्वांत जास्त वाद त्याच्यावरच झाला, असं हार्डीने 1912 मध्ये नोंदवलं. मराठीत तर जास्तच पंचाईत. ‘पवित्र’ला देवळाचा वास येतो, ‘शीलवती’ म्हटलं की प्रश्न परत शरीरावरच येऊन थांबतो, आणि ‘शुद्ध’ला शुद्धिकरण चिकटलेलं. ‘निर्मळ’ त्यातल्या त्यात बरा. हार्डीचा रोख मनावर होता, टीकाकारांनी तो देहावर वळवला. रानात नेमकं काय घडलं, भुलवणं की बलात्कार, यावर अभ्यासक आजही भांडतात. पण मळ्यातली एक मजूर बाई सरळ सांगते: नुसतं मनवण्यापेक्षा जास्त काहीतरी होतं, रानात त्या रात्री हुंदके ऐकू आले होते. हा पुरावा वाचक सहज ओलांडून जातात. ‘सिडक्शन’, म्हणजे मुलीला भुलवणं, हा इंग्रजी कायद्यात दाव्याचा विषय होता, पण दावा लावणार बाप किंवा मालक, कारण मुलीच्या चाकरीचं नुकसान त्यांचं! तो दावा 1970 मध्ये रद्द झाला.

योगायोग असा की त्याच 1891 च्या मार्चमध्ये इकडे मुलींचं संमतिवय 10 वरून 12 झालं. पुण्यातला गदारोळ सांगायला नको.

शुद्ध-अशुद्धाच्या या घोळात घराचा हिशेब मागे पडला. टेस मुळात श्रीमंत ‘नातेवाइकां’कडे जाते ती घोडा मेला म्हणून, टपालगाडीची दांडी त्याच्या छातीत घुसते आणि बापाचा मालवाहतुकीचा धंदा बसतो. घरही तीन हयातींच्या पट्ट्यावरचं, म्हणजे ठरलेली तीन माणसं जिवंत असेतोवरच आपलं. तिसरी हयात बापाची. तो मेला की पट्टा संपला, आणि एप्रिलमध्ये घर रिकामं करायचं. परगावी ठरवलेल्या खोल्या हातच्या जातात. मग आई जुना चौखांबी पलंग चर्चच्या भिंतीला लावून उभा करते, पोरांना त्यावर बसवते. वरच्या खिडकीला त्यांच्याच सरदार पूर्वजांचं नाव आहे, आणि भिंतीपलीकडे त्यांची थडगी.