पार्श्वभूमी : उद्योजकाची ओढ कुठून येते?

यशस्वी उद्योजक आपल्या कामाने झपाटलेला असतो, हे आज सगळे गृहीतच धरतात. अर्थशास्त्राला मात्र या झपाटलेपणाशी बराच काळ काही देणंघेणं नव्हतं. अर्थतज्ज्ञ रिचर्ड कँटिलॉनचं लेखन १७५५ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालं. त्यातला उद्योजक ठरलेल्या भावाने माल घेतो आणि पुढे काय भाव मिळेल हे माहीत नसताना विकायला काढतो. जोखीम त्याची, नफाही त्याचा. मनाचा संबंध एवढाच.

अर्थतज्ज्ञ जोसेफ शुम्पीटरने १९११ मध्ये हे चित्र बदललं. स्वतःचं साम्राज्य उभारण्याचं स्वप्न, जिंकण्याची ईर्षा आणि काही घडवण्याचा आनंद या तीन प्रेरणा त्याने सांगितल्या. पण ही नुसती निरीक्षणं होती. मोजमाप कुणी केलं नव्हतं.

ते काम अंगावर घेतलं हार्वर्डचा मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंडने. त्याने वापरलेल्या खुंटीवर कडी फेकण्याच्या खेळात कुठून फेकायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं. यशाची आस असलेली माणसं खुंटीला खेटून उभी राहत नाहीत आणि अशक्य अंतरावरही जात नाहीत. ती मधलं, कौशल्याचा कस लागेल असं अंतर निवडतात. म्हणजे जुगारी वृत्ती इथे नाहीच. १९६१ मध्ये त्याने ही आस थेट देशांच्या आर्थिक प्रगतीशी जोडली (ही उडी जरा लांबचीच होती). पुढे १९६४ मध्ये आंध्रातल्या काकिनाड्याच्या व्यावसायिकांना थोड्या दिवसांचं प्रशिक्षण दिलं गेलं, आणि त्यानंतर ते धंद्यात इतरांपेक्षा जास्त हालचाल करताना दिसले. प्रेरणा उपजतच असते या समजाला इथे धक्का बसला.

तरी ‘उद्योजकाचा स्वभाव’ शोधणं थांबलं नाही. हा प्रश्नच चुकीचा आहे, माणूस काय करतो ते पाहा, असं उद्योजकतेचा अभ्यासक विल्यम गार्टनरने १९८८ मध्ये ठणकावलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या २,९९४ उद्योजकांची पाहणी प्रसिद्ध झाली. आपला धंदा चालणारच, यशाची शक्यता दहापैकी दहा, असं त्यांतले ३३ टक्के सांगत होते. पैसे गुंतलेला माणूस असाच बोलणार, हे ओघाने आलंच.

बांधिलकीची, म्हणजे माणूस कामाला का धरून राहतो याची, नेमकी मांडणी आली ती नोकरदारांच्या अभ्यासातून. मानसशास्त्रज्ञ मायर आणि ॲलन यांनी १९९१ मध्ये तीन प्रकार सांगितले: राहावंसं वाटतं म्हणून राहणारे, सोडणं परवडत नाही म्हणून राहणारे, आणि सोडणं बरोबर नाही म्हणून राहणारे. धंद्याच्या मालकाला हे तिन्ही लागू पडतात आणि बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात. बुडत्या कामात आणखी पैसा ओतत राहण्याची वृत्ती बॅरी स्टॉने १९७६ मध्येच प्रयोगातून दाखवली होती. २००३ मध्ये रॉबर्ट व्हॅलरँडने निरोगी आवड आणि माणसाला वेठीला धरणारी आवड असा भेद केला. चिकाटी दोन्हीकडे असते. यशस्वी लोकांच्याच मुलाखती घेतल्या, तर त्याच चिकाटीने बुडालेले हिशेबात येतच नाहीत.

अलीकडे ‘आधी ओढ, मग मेहनत’ या क्रमाबद्दलही शंका आली आहे. मायकेल गिल्निक आणि सहकाऱ्यांच्या २०१५ च्या अभ्यासात, नवा धंदा उभारणाऱ्यांनी एका आठवड्यात जास्त मेहनत घेतली की पुढच्या आठवड्यात त्यांची ओढ वाढलेली दिसली. अट एवढीच, की काम पुढे सरकलेलं असावं आणि ते त्यांनी स्वतःहून निवडलेलं असावं.